छातीतलं पाणी आणि तीस मीटरवरचं पिवळं

माझ्या छातीतून दीड लिटर पाणी निघालं, तेव्हा अहमदपुरात आमच्या गल्लीतल्या नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी येत होतं. मिस्टरांनी ही बातमी घरी नेली तेव्हा शेजारचे किशनराव म्हणाले, "एवढा साठा होता तर वहिनींनी आधी बोलायचं न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या दवाखान्यात मिस्टरांनी मला हे सांगितलं. हसताना बरगडीत अशी कळ आली की डोळ्यांत पाणी आलं. तरी हसले. आठवडाभरात पहिल्यांदाच.

ज्यांच्यासमोर नुकताच कुणीतरी खिडकीच्या उजेडात एक्स-रे धरून "टी.बी. आहे" असं सांगितलंय, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. औषधांची माहिती तुमचे डॉक्टर देतील. मी एक चूक केली होती. ती तुम्ही करू नये, म्हणून हा खटाटोप.

तिघींची निवड

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवत होते. वीस वर्षांत आजारपणाची रजा घेतलेली नव्हती, आणि याचा मला नको तितका अभिमान होता.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्याआधी आम्ही उस्मानाबादचे. नवा जिल्हा म्हणजे नवी कचेरी, नवे शिक्के, नव्या पाट्या. माझ्यासाठी मात्र नवा जिल्हा म्हणजे नवा संघ. धनुर्विद्येच्या महिला संघात तिघी लागतात, आणि अख्ख्या लातूर जिल्ह्यात धनुष्य धरता येणाऱ्या बायका तीनच होत्या: मी, माझी जुनी विद्यार्थिनी शबाना, जी आता बाजार समितीत कारकून होती, आणि लातूरच्या कॉलेजातली विजया. आमची निवड म्हणजे नुसती मोजणी होती. विभागीय स्पर्धा जानेवारीत नांदेडला होती. तिघींतली एक जरी गळाली, तरी संघच नाही.

धनुर्विद्या मी शिक्षकांच्या एका शिबिरात शिकले आणि येताना तीन बांबूची धनुष्यं घेऊन आले. शिकवायची माझी पद्धत सरळ होती. आठ पायऱ्या: पाय, बाण, पकड, मान, उचल, ओढ, नेम, सोड. पाय रोवायचे, बाण दोरीला लावायचा, पकड घ्यायची, मग मान लक्ष्याकडे वळवायची, आणि पुढचं पुढं. मुलींना मी सांगायची, "मन दप्तरात ठेवून या. हात बरोबर असला की बाण बरोबर."

शबानाचं नेमकं उलट. तिचं कोपर पडलेलं असायचं, पाय आज इथं तर उद्या तिथं. पण तीस मीटरवरच्या कागदाच्या मधल्या पिवळ्या गोलात तिचे बाण माझ्याइतकेच बसायचे.

"कोपर, शबाना."

"बाई, बाण सुटायच्या आधीच मला त्यो पिवळ्यात दिसतो. मग कोपराला काय विचारायचं?"

"दिसायचा बंद झाला की विचारशील."

हा वाद आमच्यात पाच वर्षं चालू होता.

निदानाचा दिवस

तीन आठवडे संध्याकाळी अंग तापायचं. मला वाटलं उन्हाचं असेल. त्या साली पाऊस पळालाच होता, ऑगस्टमध्येही मे महिन्यासारखं तापत होतं. मग दोरी ओढताना उजव्या कुशीत टोचायला लागलं. मी ओढण्यात चूक शोधली. खांदा तपासला, कोपर तपासलं, शबानाला मागं उभं करून बघायला लावलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "बाई, तुमचं सगळं बरोबर हाय. तुमी आजारी हाय."

नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे खिडकीशी धरला. "हे काळं दिसतं ते फुफ्फुस. हे पांढरं आहे ते पाणी."

"कशाचं?"

"टी.बी.चं."

मी विचारलं, "जानेवारीपर्यंत होईन का बरी?"

"जानेवारीत काय आहे?"

"स्पर्धा."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मग मिस्टरांकडे. "बाई, आपण आधी मंगळवारपर्यंत बघू."

मिस्टर अहमदपूरच्या एस.टी. डेपोत वाहतूक नियंत्रक. दिवसभर माइकवर गाड्यांच्या वेळा न चुकता सांगणारा माणूस. दोन चहा आणतो म्हणून बाहेर गेले आणि दोन्ही कप स्वतःच पिऊन परत आले. त्यांचे वडील याच रोगानं गेले होते. मी विचारलं, "माझा चहा?" तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

भीती मलाही वाटली. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी. वॉर्डात सिस्टरनं मला एक फुगा दिला आणि फुगवायला सांगितलं, फुफ्फुस उघडावं म्हणून. मुलींना प्राणायाम शिकवणारी मी, आणि मला तो लिंबाएवढाही फुगेना. दुखत होतं म्हणून नाही. पाणी काढलेली जागा फाटेल असं मनानं घेतलं होतं. मी फुगा उशीखाली लपवला आणि फुटला म्हणून सांगितलं.

"खोटं बोलून राहिली ही," पलीकडच्या खाटेवरून आवाज आला. "उशीखाली हाय."

गंगाबाई

त्या गंगाबाई. माहूरच्या. देवीच्या पायऱ्यांवर त्यांचं ओटीच्या सामानाचं दुकान. साठीच्या पुढच्या, दम्याचा आजार, आणि आवाज असा की तीन दुकानं पलीकडचं गिऱ्हाईक वळावं.

त्यांनी माझा फुगा घेतला, दम लागत असताना पाव भरला, तोंडाशी चिमटीत धरला आणि माझ्याकडे दिला. "घे. माझा पाव भरला. आता तुझा पाव."

तो मी भरला. कुठंही काही फाटलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी मिळून तीन फुगे केले आणि खाटेला बांधले. आठवड्यानं मी एकटीनं अख्खा फुगवू लागले, आणि माझ्यातली पी.टी.ची बाई जागी झाली. सकाळी सहा वाजता वॉर्डातल्या उठता येणाऱ्या सगळ्या बायका खाटेच्या कडेला बसून "हात वर, श्वास आत" करू लागल्या. सिस्टर पहिल्या दिवशी रागावली, तिसऱ्या दिवशी कंबर दुखते म्हणून शेवटच्या रांगेत येऊन उभी राहिली.

गंगाबाईंना रिकामं बसवत नसे. सिस्टरकडून जुनी वर्तमानपत्रं मागून त्या गोळ्यांसाठी कागदाच्या पुड्या बांधत. बांधताना त्या हाताकडे बघतच नसत. बघत माझ्याकडे, आणि बोलत असत.

"गंगाबाई, एकदा तरी खाली बघा."

"खाली पाहिलं त गिऱ्हाईक पायऱ्या चढून वर निघून जाते, माय. नजर त्याच्यावर ठेवा लागते. नारळ, खण, हळद-कुंकू हातानं आपापलं घ्या लागते."

"आणि चुकलं तर?"

"चाळीस वर्षं झाली. हाताला म्या इचारत न्हाई, हात मला इचारत न्हाई."

मला ही पद्धत अजिबात पटली नाही. हाताकडे बघून करा, हे तर मी आयुष्यभर शिकवत आले होते.

एकदा त्या म्हणाल्या, "रेणुकामायला बोलून ठेवते. बरी झाली की ओटी भरशील."

मी म्हटलं, "आम्ही बौद्ध आहोत, गंगाबाई. आमच्यात नवस नसतो."

"तू नको करू. मी करते. ओटी बी माझ्याच दुकानातली. तुला नुसतं बरं व्हायचं हाय."

एवढ्या सोयीचा सौदा मोडण्यात अर्थ नव्हता.

टार्गेट कुठं गेलं

तीन आठवड्यांनी घरी आले. सुया नव्वद दिवसांच्या होत्या, रोज एक. त्या आता गावातल्या दवाखान्यात जाऊन घ्यायच्या. अंगणात आले तर टार्गेट नाही. ते बिलोलीहून माझ्या भावानं पाठवलेल्या भाताच्या पेंढ्याचं होतं, मी स्वतः दोरीनं आवळून बांधलेलं.

"टार्गेट कुठं आहे?"

मिस्टरांनी पिशवी खाली ठेवली. "किशनरावच्या म्हशीनं खाल्लं."

"सुटली होती का?"

"न्हाई. मीच घातलं."

"का?"

"डॉक्टरनं तुला दूध सांगितलं. म्हशीला चारा न्हाई. चारा न्हाई तर दूध न्हाई. गावात कडबा नजरेला पडंना. मग काय करायचं?"

त्या दिवशी मी दुधाचा पेला तोंडाला लावला तेव्हा पाच वर्षांचे बाण मारलेलं टार्गेट पोटात चाललं होतं. दूध चांगलं घट्ट होतं.

आठच दिवसांत मिस्टरांनी डेपोतून मोडीत निघालेल्या सीटांचा काथ्या मिळवला, गोणपाटात ठासून भरला आणि नवं टार्गेट उभं केलं. पेंढ्यापेक्षा भक्कम. पाठीमागं गोणपाट कमी पडलं तिथं सीटचंच हिरवं रेक्झिन शिवलेलं, त्यावर कुणीतरी ब्लेडनं स्वतःचं नाव कोरलेलं होतं.

घरात मात्र सासूबाईंनी माझ्या ताटाच्या बुडाला खिळ्यानं फुली मारली होती. ताट वेगळं, पेला वेगळा, आणि चुलीजवळ यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की माझ्या प्रकारचा आजार ताटावाटे पसरत नाही. मी हे समजावलं. आठ दिवसांनी येणाऱ्या पाण्यातलं घागरभर पाणी त्या रोज माझं ताट उकळायला वापरत. त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्या मालकाच्या ताटात जेवले होते. मालक गेले, मी वाचले. त्येच्यात माझं काय चुकलं होतं, त्ये अजून कळलं न्हाई मला. आता मी चुकत न्हाई."

त्यानंतर मी ताटाबद्दल बोलले नाही. चुलीपासून लांब ठेवतात हा छळ आहे असं पहिले चार दिवस वाटलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं की लग्नानंतर पहिल्यांदाच मला दोन्ही वेळचं आयतं मिळतंय. मग मी गप्प बसून जेवले.

मनाचे खेळ

ऑक्टोबरमध्ये अंगात ताकद आली. ताप गेला, वजन वाढलं. मी धनुष्य उचललं.

पहिला बाण टार्गेटच्या वरून गेला. दुसरा डावीकडे. तिसरा कुठं गेला ते शबानालाही सापडलं नाही. दोरी ओढता येत होती, कुशीत फार दुखत नव्हतं, पण चौथ्या पायरीला, मान लक्ष्याकडे वळवली की जमीन एका बाजूनं उचलल्यासारखी वाटायची. अंधुक उजेडात चालताना पाय बाजूला पडायचे. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की मी पुढं झुकायची. दोनदा न्हाणीच्या भिंतीवर कपाळ आपटलं.

आणि मी हे कुणालाही सांगितलं नाही.

कारण ऐका. आमच्या शाळेत प्रार्थनेला मुली उन्हात उभ्या असायच्या. दर आठवड्याला एखादी डोलायची, म्हणायची, "बाई, चक्कर येतेय." वीस वर्षं माझं एकच उत्तर होतं: "मनाचे खेळ आहेत. सरळ उभी राहा." बऱ्याच जणी उभ्या राहायच्याही. काही पडायच्या. आता मला चक्कर येत होती, म्हणजे माझं मन कच्चं झालं होतं. आजारानं मी भित्री झाले होते. हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

ज्या मनावर मी कधी विश्वास ठेवला नव्हता, त्यावर सगळा दोष टाकून मी मोकळी झाले. बाकीच्यांनीही दुजोराच दिला. लातूरहून संघाचे सचिव आले, माझे बाण बघितले आणि म्हणाले, "बाई, आत्मविश्वास पाहिजे. मनानं उभ्या राहा." शबाना म्हणाली, "तुमी आधी पिवळ्यात बघा, मग सोडा." मी बघितलं. पिवळं तीन ठिकाणी दिसत होतं.

शेवटी, वर्गात मुलींना देते तशी मी स्वतःला शिक्षा दिली. वहीत शंभर वेळा लिहिलं, "मी हे करू शकते." नव्वदाव्या ओळीपर्यंत अक्षर सुंदर होतं. दुसऱ्या दिवशी बारा बाणांपैकी चार टार्गेटला लागले.

नोव्हेंबर उजाडला होता. सचिवांचं कार्ड आलं: महिन्याअखेर नावं पाठवायची आहेत, तुमचं नक्की कळवा. तुम्ही नसाल तर संघ रद्द करतो. शबानानं ते कार्ड वाचलं आणि माझ्या हातात परत दिलं.

भिंतीला धरून

तपासणीला नांदेडला गेले. गंगाबाईंची तारीखही आम्ही ठरवून त्याच दिवशी घेतली होती. ओसरीत रांग होती. मी भिंतीच्या कडेकडेनं आले, हातानं चाचपत. गंगाबाईंनी दुरून बघितलं.

डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?"

"नाही."

"खोटं बोलून राहिली ही," दारातून आवाज आला. त्यांचा नंबर माझ्यानंतरचा होता, पण त्या आत येऊन उभ्या होत्या. "भीत धरून चालून राहिली, डॉक्टरसाहेब. पिलेल्या माणसावानी."

डॉक्टरांनी मला उभं केलं, पाय जुळवायला सांगितले आणि म्हणाले, "डोळे मिटा." मी मिटले. पुढचं आठवतं ते म्हणजे डॉक्टरांनी माझे दोन्ही खांदे धरलेले.

"किती दिवस होतंय?"

"सहा आठवडे."

"सहा आठवडे!" ते खरोखरच ओरडले. "आणि सांगितलं का नाही?"

"मला वाटलं, मनाचे खेळ."

ते खाली बसले. मग त्यांनी समजावलं. सुईच्या औषधानं काहींच्या कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग दुखावतो. मनाचा काही संबंध नाही. पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं तर सुई तेव्हाच बंद केली असती. त्यांनी ती तिथल्या तिथं थांबवली आणि गोळ्या बदलून दिल्या.

"भरून येईल का?"

"काही येईल, काही नाही. उरलेलं काम डोळे आणि पाय शिकतील. चाला, उभ्या राहा, डोळे उघडे ठेवा. आणि काही झालं तर सांगा, बाई. मी काही तुमचा मुख्याध्यापक नाही."

ही ती चूक. सहा आठवडे. तुमच्या शरीरात काही वेगळं होत असेल, तर ते खरं की मनाचं हे ठरवायला बसू नका. सांगा. ठरवायचं काम डॉक्टरांचं आहे.

बाहेर येऊन मी बाकावर बसले आणि हसायला लागले. मी भित्री नव्हते! माझा कान बिघडला होता. कान बिघडल्याचा इतका आनंद दुसऱ्या कुणाला झाला असेल असं वाटत नाही. गंगाबाई म्हणाल्या, "येडी झाली का काय ही?" आणि माझ्यासाठी गोळ्यांची पुडी बांधत बसल्या. माझ्याकडे बघत.

मी त्यांच्या हातांकडे बघत होते. मान हलत नव्हती. नजर हलत नव्हती. हात आपापलं करत होते.

"गंगाबाई," मी म्हटलं, "परत बांधा बरं एक."

मान आधी

घरी येऊन मी पायऱ्यांचा क्रम बदलला. मान पहिली. आधी मान लक्ष्याकडे वळवायची, नजर पिवळ्यावर ठेवायची, जमीन शांत होईपर्यंत थांबायचं. मग पाय. मग बाण, न बघता. भात्यातून काढायचा, दोरीला लावायचा, पकड घ्यायची, सगळं न बघता. एकदा वळवलेली मान परत हलवायची नाही.

लिहायला सोपं आहे. पहिल्या आठवड्यात बाण दोरीला उलटा लागायचा, पिसं गालाला घासायची. शबाना पोट धरून हसायची. "बाई, आंधळी कोशिंबीर चालू हाय का?" मी घरात बसल्या बसल्या सराव केला. समोरच्या दाराच्या कडीवर नजर आणि हातात बाण-दोरी. सासूबाई भाकरी थापताना बघत राहायच्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "एवढं न बघता येतंय तर इथं बसून लसूण सोल." आणि लसणाची सुपली चुलीजवळ ठेवली. चुलीजवळ! मी तिथं बसून सोलला. त्या रात्रीच्या जेवणात फुलीचं ताट त्यांनी स्वतःला वाढून घेतलं.

शाळेत प्रार्थनेला सातवीतली एक मुलगी डोलायला लागली आणि माझ्याकडे बघून घाईनं ताठ झाली. मी म्हटलं, "बस खाली. सावलीत बस, डोकं खाली घे." पाचशे मुली माझ्याकडे वळून बघायला लागल्या. त्या आठवड्यात अकरा जणींना चक्कर आली. त्यातल्या नऊ खोट्या असणार. असू देत.

सचिवांना मी कार्ड लिहिलं: "येते."

लातूर, मार्गे अहमदपूर

जानेवारीत नांदेडच्या मैदानावर चार जिल्ह्यांचे महिला संघ आले. संचलन सुरू होणार तेवढ्यात कळलं की लातूरची पाटीच नाही. पाट्या जुन्या यादीवरून रंगवल्या होत्या. सचिव म्हणाले, "उस्मानाबादच्या मागं चला, चालतंय."

शबाना म्हणाली, "न्हाई चालत."

मिस्टर तडक मैदानाबाहेर गेले. वीस मिनिटांनी आले ते काखेत एक लाकडी पाटी घेऊन. आम्ही सकाळी ज्या गाडीनं आलो होतो तिचीच, काचेपुढं लावतात ती. काळ्यावर पांढरी अक्षरं: लातूर, मार्गे अहमदपूर. "पाच वाजता गाडी परत निघणार," ते म्हणाले. "त्याच्या आत द्यायची हाय. पठाण ड्रायव्हरला जबान दिलीय." विजयानं पाटी धरली आणि आम्ही तिघी तिच्यासह ऐटीत चाललो. टाळ्या सगळ्यात जास्त आम्हालाच पडल्या, हसण्यासकट.

छत्तीस बाण, तीन-तीनच्या फेऱ्यांनी. मान आधी. पहिल्या दोन फेऱ्यांत मी थोडी अडखळले, मग जमून आलं. शबाना मात्र दुपारी ढेपाळली. वारा सुटला होता, तिचे लागोपाठ तीन बाण पिवळ्यापासून लांबच्या काळ्या गोलात गेले. ती मागं आली, तोंड पांढरंफटक.

"बाई, मला दिसंनाच. पिवळ्यात बाण दिसतच न्हाई मला."

पाच वर्षं मी या क्षणाची वाट बघत होते. पण टोमणा मारायला वेळ नव्हता. "दिसू नको देऊस," मी म्हटलं. "कोपर उचल. तेवढंच कर. कोपर."

तिनं कोपर उचललं. पुढचे तीन बाण लाल, लाल, पिवळं. वळून तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी तिला फुकटच पाच वर्षं शिकवलं नव्हतं एवढं कळलं.

शेवटच्या फेरीला आम्ही उस्मानाबादच्या चार गुणांनी मागं होतो. विजया आणि शबानानं बरोबरी केली. माझे तीन बाण राहिले होते. पहिले दोन लालाच्या बाहेरच्या निळ्यात गेले. उस्मानाबादच्या बाईचेही तिथंच. तिचा शेवटचा बाण काळ्यात, चारवर गेला. आता माझा.

मान वळवली, बाण लावला, धनुष्य उचललं आणि तेवढ्यात शेजारच्या टार्गेटचा कागद वाऱ्यानं सुटून फडफडायला लागला. फडफड दिसली आणि सगळं मैदान डाव्या बाजूला कलंडलं. मोजत मोजत बाण सोडणारी जुनी मी असते तर सोडला असता. मी धनुष्य खाली घेतलं. नियमानं घेता येतं.

मैदानाच्या कडेनं आवाज आला, तीन जिल्हे वळून बघतील असा. "खाली नको पाहू, माय! गिऱ्हाईक चाललं!"

तपासणीच्या निमित्तानं गंगाबाई आल्या होत्या. पंचांनी त्यांना गप्प बसायला सांगितलं. त्या गप्प बसल्या नाहीत.

मी खाली बघितलं नाही. पिवळ्यावर नजर ठेवून पायांखालची जमीन परत यायची वाट बघितली. आली. मग हातांवर सोपवलं.

बाण पिवळ्यात लागला असता तर लिहायला बरं वाटलं असतं. तो शेजारच्या लालात लागला. आठ. उस्मानाबादपेक्षा चार गुण जास्त. चारांत आमचा तिसरा नंबर आला, आणि ज्यांच्या मागं चालायला सांगितलं होतं ते आमच्या मागं राहिले. विजया आणि शबानानं मला उचलायचा प्रयत्न केला. म्हशीच्या दुधानं मी जड झाले होते.

गंगाबाईंनी जाऊन टार्गेटच्या भोकांत बोट घालून बघितलं. "हे खालचं कोणाचं?"

"माझंच."

"अन् हे डाव्या अंगाचं?"

"तेही माझंच."

"मंग चांगलं झालं. एका जागी मारलं असतं त कागद फाटला असता." मग कमरेचा बटवा चाचपत म्हणाल्या, "रेणुकामायचं काम झालं. ओटी मी भरते. तू तुमचा तिघींचा फोटो धाड, देवीला दाखवते."

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मैदानाबाहेर एस.टी.चा हॉर्न वाजत होता. पठाणभाई खिडकीतून ओरडले, "अरे साहेब, बोर्ड लाओ! लोक चढेनात, गाडी कुठं जाती त्ये कळंना कुणाला!"

मिस्टर पाटी घेऊन पळाले. आम्ही तिघी मागून, भाते सांभाळत. मी शबानाचा दंड धरला होता, कारण पळताना जमीन अजूनही हलते आणि आता मी ते लपवत नाही. गाडीच्या दारात पाय ठेवून एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "लातूर का?"

मिस्टरांनी पाटी अजून लावली नव्हती. शबाना आतून म्हणाली, "हाव बाबा, चढा. लातूर आमीच हाव."